कॉन्टेसाचा एक्झॉस्ट बदलला, पीयूसी पण खरीखुरी काढली

जुन्या गाडीला नवीन एक्झॉस्ट टाकला म्हणलं की लोकं दोनच गोष्टी विचारतात, आवाज कसा आलाय आणि पोलिस धरत नाहीत का. पीयूसीत आकडा किती आला हे विचारणारा माणूस मला अजून भेटायचाय, आणि माझं तर अर्ध्याच्या वर डोकं त्या आकड्यापायीच खर्च झालं. त्यामुळं आवाजाचं थोडक्यात सांगतो, बाकीचं जरा लांबणार आहे, चालवून घ्या.

गाडी म्हणजे कॉन्टेसा क्लासिक, १.८ जीएलएक्स, १९९३ ची, लातूर पासिंग, एमएच-२४. काकांची गाडी, त्यांच्याकडून माझ्याकडं आली आणि आता संभाजीनगरला असते. हिंदुस्तान मोटर्सनं १९८४ ला कॉन्टेसा काढली तेव्हा तिच्यात अ‍ॅम्बॅसिडरचंच १४८९ सीसीचं इंजिन होतं, एवढ्या थोराड अंगाला ते पुरायचंच नाही, नंतर इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन अन् पाच गिअर आले तेव्हा कुठं ती पळायला लागली. बॉडी मूळची इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलची, ओढ मागच्या चाकाला. २००२ ला बंद पडली. आता हिला स्पोर्ट्स कार म्हणायचं का यावर युरोपातला माणूस हसेल, हसू द्या. नव्वदच्या दशकात लातूर-नांदेड रोडला पद्मिनी, अ‍ॅम्बॅसिडर आणि मारुती आठशेच्या गर्दीतून ही लांबलचक नाकाची गाडी ज्यानं ओव्हरटेक करताना बघितली त्याला विचारा. आमदार, कारखान्याचे चेअरमन, बडे गुत्तेदार, सगळ्यांच्या दारात हीच उभी असायची. भारतात बनलेल्या गाड्यांत आपल्याला परवडेल अशी जुनी, जोरकस, मागच्या चाकांनी ढकलणारी गाडी दुसरी दाखवा, मग बोलू.

तर सायलेन्सर. मूळ कंपनीचा कधीच गेलेला. मधल्या काळात कोणीतरी अ‍ॅम्बॅसिडरचा सायलेन्सर कापून जोड देऊन बसवलेला, तो पण मागून सडला, मग काकांच्या ड्रायव्हरनं तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळून वरून बांधायची तार आवळलेली, त्यावर एम-सीलचा थर, त्या थरावर पुन्हा पत्रा. मी खाली झोपून ते सोलत गेलो तर आत पाइप शिल्लकच नव्हता, पत्र्याचा अन् एम-सीलचाच पाइप झालेला. वर गाडी उभी राहिली की मागच्या सीटवर पेट्रोलचा अन् धुराचा वास यायचा, पोरं म्हणायची पप्पा डोकं दुखायलंय. हे मात्र गमतीचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, वास बाकीच्या गोष्टींचा येतो, पण वास येतोय म्हणजे तो पण आत येतोय हे धरून चालायचं. म्हणून काम हौसेचं असलं तरी टाळण्यासारखं नव्हतं.

कायद्याचं आधीच सांगून टाकतो, कारण यावर जितकी तोंडं तितक्या अफवा आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातले चार नियम आपल्या कामाचे. ११२ सांगतो की धूर खाली जमिनीकडं किंवा गाडीच्या डाव्या बाजूला सोडायचा नाही, मागं किंवा उजवीकडं सोडायचा. म्हणजे ते परदेशी व्हिडिओत दाराखालून बाहेर काढलेले साइड पाइप दिसतात ना, डाव्या बाजूला तसलं काही करायचंच नाही, तिथं फुटपाथवर माणसं असतात. ११३ सांगतो एक्झॉस्ट पाइप पेट्रोलच्या लाइनपासून ३५ मिलिमीटरच्या आत येता कामा नये. १२० मध्ये सायलेन्सर पाहिजेच, आवाज शक्य तितका कमी करणारा. आणि ११५ म्हणजे आपली पीयूसी. याशिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, की आरसीवरचे तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल करायचा नाही, यावर जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं पण कडक निकाल दिलाय. सायलेन्सर आरसीवर लिहिलेला नसतो त्यामुळं सडलेला काढून चांगला बसवणं वेगळं, आणि आतलं सगळं काढून नुसती नळी ठेवून गावभर बोंब मारत फिरणं वेगळं. दुसऱ्या प्रकारासाठी कायद्यात २०१९ नंतर दहा हजारापर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद आहे, लायसन पण तीन महिने जातं. आपल्याकडं बुलेटचे फटाके फोडणारे सायलेन्सर जप्त करून रोड रोलरखाली चिरडतात त्याचे फोटो पेपरात दर थोड्या दिवसांनी येतातच, त्या रांगेत मला माझे पैसे बघायचे नव्हते.

आता आकडे. आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना नुसती चालू ठेवून, पेट्रोलच्या चारचाकीला बीएस-२ (भारत स्टेज, म्हणजे सरकारनं ठरवलेलं धुराचं मानक) च्या आधीची असेल तर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन, म्हणजे न जळालेलं पेट्रोल, १५०० पीपीएम (दहा लाख भागांत १५००) इतकी मुभा. बीएस-२ आणि बीएस-३ च्या गाडीला ०.५ टक्के आणि ७५०, त्यापुढच्या गाड्यांना अजून कडक. माझी १९९३ ची, त्यामुळं ३ आणि १५००. ऐकायला लई सैल वाटतं, पण कार्ब (कार्ब्युरेटर, पेट्रोल अन् हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) नीट नसलेली जुनी गाडी एवढ्यात पण बसत नाही.

आणि बसते की नाही हे कळणार कसं, कारण मशीनची नळी पाइपात घालणारा माणूसच मिळेना. मी ज्या सेंटरला आधी गेलो तिथल्या पोरानं गाडी बघितली, नंबर प्लेटचा फोटो काढला, मोबाइलवर मेसेज आला, सर्टिफिकेट हातात. मी म्हणलं अरे नळी? तो म्हणला, "सर पास झाली की." गाडी बंद होती! नाव घेत नाही, एकट्याचं हे काम नाही. माझा राग नियम मोडला म्हणून पण नाही, तो मोडतच असतोय, मला खरंच रीडिंग पाहिजे होतं आणि पैसे देऊन पण ते मिळत नव्हतं. शेवटी एका पंपावरच्या सेंटरला एक वयस्कर मामा भेटले, त्यांना सांगितलं सर्टिफिकेट आहे माझ्याकडं, मला फक्त मशीन काय दाखवतंय ते बघायचंय. त्यांना पण मजा वाटली. गाडी आधी चांगली गरम करून नेलेली, हे महत्त्वाचं, थंड इंजिनावर चोकचं पेट्रोल पडत असतं, आकडा खोटाच येणार. त्यांनी नळी हातभर आत सरकवली, किमान ३०० मिलिमीटर तरी आत पाहिजे असं ते म्हणले. आकडा आला ४.६ टक्के आणि १३०० च्या वर पीपीएम. कार्बन मोनॉक्साइडमध्ये सरळ नापास.

पण मजा पुढं आहे. मशीन चार गॅसचं होतं, ऑक्सिजन पण दाखवत होतं, आणि ऑक्सिजन पाच टक्क्यांच्या वर. मामा म्हणले, "तुमचा पाइप फुटलाय कुठंतरी." आता बघा, कार्बन मोनॉक्साइड एवढा जास्त म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त अन् हवा कमी, मग धुरात एवढा ऑक्सिजन शिल्लक राहीलच कसा? तर एक्झॉस्टमधून धूर एकसारखा वाहत नाही, ठोके ठोके देत जातो, दोन ठोक्यांच्या मधे पाइपात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि भोकातून बाहेरची हवा आत ओढली जाते. ती हवा धुरात मिसळली की सगळे आकडे पातळ होतात. म्हणजे माझा ४.६ हा पातळ झालेला आकडा, खरा आकडा त्याच्या पण वर! म्हणून फुटका सायलेन्सर घेऊन पीयूसीला पास झालेल्या गाडीवर मी काडीचा विश्वास ठेवत नाही. आणि नवीन, घट्ट एक्झॉस्ट बसवला की आकडा उलट वाढतो, मग लोकं म्हणतात नवीन सायलेन्सरनं पीयूसी फेल केली. सायलेन्सर कशाला फेल करंल, त्यानं नुसतं झाकलेलं उघडं केलं.

त्यामुळं क्रम ठरला, आधी इंजिन, मग पाइप.

इंजिनासाठी चाचांकडं गेलो. शहागंजच्या बाजूला गल्लीत छोटं गॅरेज आहे, चाचांनी आयुष्यभर कार्बवाल्या गाड्या केल्यात, आता दिवसाला एखादी येते. मी त्यांना उत्साहात पाइपचा नकाशा दाखवायला लागलो तर ऐकूनच घेईनात. "भैया, पाइप नक्को दिखाव, पैले गाडी का पेट देखने दो." मग एअर फिल्टर काढला, काळा ठिक्कर. स्पार्क प्लग चारही काजळी धरलेले, एक तर ओलाच. टॅपेट मोजले, दोन घट्ट. टॅपेट घट्ट असला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि न जळालेलं पेट्रोल सरळ बाहेर, तेच पीपीएममध्ये दिसतं. कार्ब उघडला तर फ्लोटची सुई झिजून तिच्यावर कड पडलेली, चाचांनी ती नखावर फिरवून मला दाखवली, नखाला खाच जाणवत होती. सुई बसत नाही म्हणजे पेट्रोलची लेव्हल कायम वर, म्हणजे वरून किती पण स्क्रू पिळा, गाडी पेट्रोल ओतणारच. त्या सुईला किती पैसे लागावेत? किटसकट दीड हजाराच्या आत. ४.६ टक्क्यातला मोठा वाटा त्या सुईचा होता. लोकं इथं ऐंशी हजाराचा हेडर, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर काढणाऱ्या वेगवेगळ्या नळ्यांचा जुडगा, टाकायचं बोलत असतात.

टायमिंग लाइट लावून टायमिंग बघितलं, वायरी नवीन टाकल्या, प्लग नवीन, मग मिक्श्चरचा स्क्रू. चाचांची पद्धत साधी, स्क्रू हळूहळू आत घ्यायचा, इंजिन अडखळायला लागलं की परत बाहेर, सगळ्यात गुळगुळीत चालेल तिथं थांबायचं, मग आरपीएम खाली आणायचं आणि पुन्हा तेच. कान लावून करतात, मीटर नाही काही नाही. मिश्रण लई पातळ केलं, म्हणजे पेट्रोल कमी अन् हवा जास्त, की पण पंचाईत, मिसफायर होतो आणि हायड्रोकार्बन उलट वाढतो, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड छान आणि पीपीएम बोंबललेलं. दोन्ही एकदम खाली येतील अशी जागा शोधायची असते, ती स्क्रूच्या अर्ध्या फेऱ्यात असते.

यात ई-२० पेट्रोलचं एक लचांड आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचंच पेट्रोल येतं, आमच्या लातूरकडच्या उसाचं पण त्यात असेल, त्याबद्दल तक्रार नाही. पण इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, आणि जळायला त्याला पेट्रोलपेक्षा हवा कमी लागते, पेट्रोलला एका किलोला १४.७ किलोच्या आसपास, इथेनॉलला ९ च्या. नवीन गाडीत सेन्सर असतो, तो ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बला काय कळतंय, जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचं, भोक तेवढंच. म्हणजे ई-२० टाकलं की जुनी गाडी आपोआप पातळ चालते. आयडलला स्क्रूनं भागतं, पण हायवेला मेन जेट ठरवतो आणि तिथं पातळ चाललं तर इंजिन तापतं, व्हॉल्व्ह जळू शकतात, आणि आपल्याकडं मेमध्ये बेचाळीस डिग्रीला आधीच काटा वर असतो. त्यात मोकळा एक्झॉस्ट टाकला की वरच्या आरपीएमला इंजिन अजून हवा घेतं, म्हणजे अजून पातळ. म्हणून चाचांनी तेव्हाच सांगितलं, पाइप झाल्यावर परत या, जेट एक नंबर मोठा लागेल. जाता जाता पेट्रोलचे सगळे रबरी होज बदलायला लावले, जुनं रबर इथेनॉलनं फुगतं, मग तडकतं. तो पाइप तापलेल्या मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करून पाइपात सोडणारा बिडाचा भाग) वर आहे, तिथं गळला तर विषयच संपला.

आता पाइपाचं. वाळूजला एक ओळखीचे फॅब्रिकेटर आहेत, बजाजचा कारखाना आल्यापासून त्या पट्ट्यात पाइप वाकवणारे, आर्गन गॅसवर वेल्डिंग करणारे, जिग म्हणजे साचे बनवणारे इतके झालेत की पुण्याला जायची गरज नाही. दादांनी गाडी बघूनच सांगितलं, "अडीच इंची टाकू सर, असला बेस येईल ना." मी नको म्हणलं. नव्वदच्या आतबाहेर घोड्यांचं इंजिन आहे, पाइप जास्त मोठा केला की धुराचा वेग पडतो, खालच्या आरपीएमला ओढ जाते, आणि कॉन्टेसाची सगळी मजा तर खालच्या ओढीतच आहे, चौथ्या गिअरला चाळीसवर पण ती तक्रार न करता उचलते. पावणेदोन इंच पुढं, मागं दोन इंच, एवढ्यावर ठरलं. दादा जरा हिरमुसले.

दुसरा वाद मॅनिफोल्डचा. बिडाचा मूळ मॅनिफोल्ड काढून चार नळ्यांचा हेडर करायचा का. चार-दोन-एक, म्हणजे चार नळ्यांच्या दोन आणि दोनाची एक, असा केला तर मधल्या आरपीएमला फरक पडतो हे खरं आहे, पण हेडरची पातळ नळी बिडापेक्षा जास्त उष्णता बॉनेटखाली फेकते, आणि कार्बवाल्या गाडीत ती उष्णता कार्बला लागली की पेट्रोल बाउलमध्येच उकळतं, गाडी गरम असताना सुरू होत नाही. उन्हाळ्यात गेवराईच्या पुढं एखाद्या ढाब्यावर जेवायला थांबलो आणि नंतर गाडी उचललीच नाही हे मला नको. शिवाय घरगुती हेडरचा फ्लँज, म्हणजे बोल्ट लावून जोडायची चकती, वेल्डिंग करताना वाकडा होतो, गॅस्केट धरत नाही, गळती सुरू, मग परत तेच पातळ आकड्यांचं रामायण. मॅनिफोल्ड मूळचाच ठेवला, फक्त त्याचा चेहरा सपाट करून घेतला, गॅस्केट नवीन, स्टड नवीन, नट पितळी टाकले म्हणजे पुढच्या वेळेस खोलताना जाम नाही होणार.

पाइपाचा माल ३०४ स्टेनलेस. मोटार कंपन्या ४०९ वापरतात, स्वस्त असतो, वरून थोडा गंजतो पण टिकतो, मात्र किरकोळीत दोन-चार मीटर मागितला तर मिळत नाही. ३०४ सगळीकडं मिळतो. त्याची एक खोड आहे, तापल्यावर लोखंडापेक्षा जास्त वाढतो, गाडीच्या लांबीचा पाइप चांगला तापला की सेंटिमीटरभर, कधी जास्तच, लांब होतो. घट्ट आवळून टाकला तर ती वाढ कुठं जाणार, वेल्ड तडकणार किंवा मॅनिफोल्डचा स्टड तुटणार. म्हणून पुढं जाळीचा फ्लेक्स पाइप आणि बाकी सगळीकडं रबरी हँगर, मारुती व्हॅनचे रबर बसले, पन्नास-साठ रुपयाला एक.

वाकवायचं काम मँड्रेल बेंडिंगवर केलं, म्हणजे आत गोळा असतो, वाकताना पाइप चपटा होत नाही. साधा वाकवलेला पाइप वळणावर अंडाकृती होतो, नावाला दोन इंच, वळणावर दीड. गाडी रॅम्पवर घेतली, दादांच्या पोऱ्यानं आधी जाड तारेनं गाडीखालून रस्ता काढला, मॅनिफोल्डपासून गिअरबॉक्सच्या कडेनं, प्रोपेलर शाफ्टला हात न लावता, मागच्या अ‍ॅक्सलच्या वरून. अ‍ॅक्सलवर सगळ्यात जास्त डोकं लागलं. गाडी रॅम्पवर लटकलेली असताना अ‍ॅक्सल खाली असतो, मोकळी जागा भरपूर दिसते, रस्त्यावर खड्ड्यात आपटली की अ‍ॅक्सल वर येऊन पाइपाला भेटतो. म्हणून अ‍ॅक्सलखाली जॅक लावून स्प्रिंग पूर्ण दाबून माप घेतलं. आपल्याकडच्या रस्त्यांना हे केल्याशिवाय गाडी बाहेर काढूच नका. पेट्रोलच्या लाइनपासूनचं अंतर मी स्वतः पट्टी घेऊन मोजलं, एका ठिकाणी जेमतेम तीस मिलिमीटर भरत होतं, तिथं वळण परत काढलं आणि मधे पत्र्याची ढाल पण लावली. दादा म्हणले कोण बघतंय. मी म्हणलं, मी बघतोय ना.

वेल्डिंग आर्गनचं. पाइपाची दोन्ही तोंडं टेपनं बंद करून आत पण आर्गन सोडला, नाहीतर स्टेनलेसचा जोड बाहेरून इंद्रधनुष्यासारखा देखणा दिसतो आणि आतून काळी खडबडीत पपडी धरतो, तिथूनच पुढं चीर जाते. हे करायला दादा तयार नव्हते, गॅस जास्त जातो म्हणून, गॅसचे वेगळे पैसे देतो म्हणल्यावर केलं.

सायलेन्सर दोन घेतले. मधे सरळ भोकाच्या नळीचा, भोवती ग्लासवुल भरलेला छोटा, तो चिरका आवाज खातो. मागं मोठा, कप्प्यांचा, धूर आत उलटसुलट फिरवून सोडणारा. नुसता सरळ एकच टाकला असता तर वजन कमी, किंमत कमी आणि सुरुवातीला आवाज पण झकास, पण ग्लासवुल वर्षा-दोन वर्षांत जळून उडून जातं आणि मग गाडी दिवसेंदिवस ओरडायला लागते, आज नियमात असलेली गाडी पुढच्या दिवाळीला नियमात राहत नाही. शिवाय हायवेवर एका ठरावीक आरपीएमला केबिनमध्ये घुमारा धरतो, तासभर सहन होत नाही. दोन सायलेन्सरमुळं तो घुमारा जवळपास गेला. टेलपाइप मागं उजव्या अंगाला, सरळ, टोक जरा बंपरच्या बाहेर म्हणजे धूर डिकीखाली घोटाळत नाही. डिकीचं रबर पण बदललं, मागच्या सीटवर यायचा तो वास तिथूनच आत यायचा.

आवाज सांगतो म्हणलं होतं ना. आयडलला मूळ गाडीपेक्षा जरासा खर्जातला, बाहेर उभा राहिलात तर कळेल, शेजाऱ्याला नाही. पाय दाबला की घसा खाकरल्यासारखं करते आणि मग नुसती पळते. हॉर्न मारावा लागतो अजून. बायको म्हणली, "एवढे पैसे घालून आवाज कमी केलात होय?" हो.

गाडी खाली उतरवल्यावर गळती तपासली. थंड इंजिन सुरू करून एकानं चामडी हातमोजा घालून कापडाच्या बोळ्यानं टेलपाइप क्षणभर दाबायचा आणि दुसऱ्यानं साबणाचं पाणी जोडांवर मारत जायचं. घट्ट असेल तर इंजिन घुसमटून बंद पडायला लागतं. फ्लेक्सच्या पुढच्या जोडाला बारीक फेस आला, तिथं परत टाका मारला. मग गाडी तापवायची, थंड होऊ द्यायची, सगळे नट परत आवळायचे, तापल्यावर गॅस्केट बसतं आणि नट सैल होतात.

चाचांनी ठरल्याप्रमाणं जेट बदलला. पूर्वी प्लगचा रंग बघून ठरवायचे, हल्लीच्या पेट्रोलला प्लग नीट रंगच धरत नाही, म्हणून मामांना विनंती करून त्यांच्याच मशीनवर आयडल झाल्यावर अडीच हजार आरपीएमला पण रीडिंग घेतलं. पीयूसीला माझ्या गाडीसाठी ते लागत नाही, पण गाडी रस्त्यावर आयडलवर चालत नाही, अडीच हजारावरच चालते, खरी कुंडली तिथं दिसते. आयडलला १.४ टक्के आणि ३६० पीपीएम, ऑक्सिजन दीडच्या आत. अडीच हजाराला कार्बन मोनॉक्साइड एकच्या खाली. मामांनी स्क्रीनचा फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये पण काढून ठेवला, म्हणले दुसऱ्या कार्बवाल्यांना दाखवीन.

सर्टिफिकेट काढताना मात्र घोळ झाला. मामांच्या जागी त्यांचा पोरगा बसलेला, तो म्हणला १.४ म्हणजे फेल, लिमिट ०.५ आहे. सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलच्या रेकॉर्डला एवढ्या जुन्या गाडीचं उत्सर्जन मानकाच्या रकान्यात बऱ्याचदा नॉट अव्हेलेबल येतं, त्यामुळं त्यानं बीएस-२ च्या पुढचं धरलेलं. आरसीवरचं १९९३ दाखवलं, नियमाचा तक्ता भिंतीवर त्यांच्याच मागं लावलेला होता तो वाचायला लावला, मग झालं. जुनी गाडी असेल तर ३ आणि १५०० हे दोन आकडे पाठ करून जा. सर्टिफिकेट सहा महिन्यांचं असतं, वर्षाचं फक्त बीएस-४ आणि बीएस-६ ला मिळतं.

कॅटलिटिक कन्व्हर्टर का नाही टाकला हे पण विचारतात. या गाडीला तो कायद्यानं लागत नाही, चार महानगरांत नवीन गाड्यांना तो १९९५ ला आला, तेव्हा शिसंविरहित पेट्रोल पण सगळीकडं मिळत नव्हतं, देशभर शिसं बंद झालं ते फेब्रुवारी २००० ला, आणि शिशानं कन्व्हर्टर मरतो. आता शिसं नाही म्हणून टाकता येईल की, तर कार्बवाल्या गाडीचं मिश्रण कायम थोडं इकडंतिकडं होत राहतं, नवीन गाडीत सेन्सर ते सारखं बरोबर १४.७ ला धरून ठेवतो म्हणून कन्व्हर्टर तिथं नीट काम करतो. कार्बमधून जास्त पेट्रोल आलं तर ते कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो लालभडक होतो, आणि आमच्या अंगणात मेमध्ये वाळलेलं गवत असतं. सेन्सर लावून कार्बच्या जागी इंजेक्शन करणारे आहेत, तो वेगळाच खर्च आणि वेगळाच उद्योग, पुढं कधीतरी बघू.

खर्च सगळा मिळून, चाचांचं इंजिनाचं काम धरून, तीसेक हजार. त्यात सगळ्यात महाग मागचा सायलेन्सर अन् बेंडिंग, सगळ्यात स्वस्त ती फ्लोटची सुई. अ‍ॅव्हरेज पूर्वी सात-आठ द्यायची, आता हायवेला अकरा देते, त्याचं श्रेय पाइपाला देऊ नका. आरटीओचं पाच वर्षांचं रिन्यूअल याच दरम्यान होतं, इन्स्पेक्टर साहेब खाली वाकून पाइपाचा शेवटपर्यंतचा रस्ता बघून आले, टेलपाइप कुठल्या बाजूला निघतो ते बघितलं, रेस करायला लावली, पीयूसी बघितली आणि म्हणले, "चेअरमनची का हो गाडी ही?" बाकी काही विचारलं नाही.

वाळूजच्या दादांनी तारेचं ते माप आणि फ्लँजची जिग ठेवून घेतलीये, अजून कुणाची कॉन्टेसा असेल तर सांगा, पत्ता देतो. फक्त गाडी इसुझू इंजिनवाली पाहिजे, १५०० वाल्याला पुढचा फ्लँज बसणार नाही, त्यांना पुढचा तुकडा नवीन करून घ्यावा लागेल.